जीपच्या नाकात चार बोटं जागा

तिची उंची, रुंदी, जाडी मला आज बी तोंडपाठ हाय. तिच्यापायी मी दोन एष्ट्या बदलल्या, कुपवाडापतूर उन्हातानात गेलो, एका म्हाताऱ्या माणसापुढं रस्त्याच्या कडंला नाच केल्यावाणी हातवारं केलं, आन् शेवटी तिला खांद्यावर टाकून घरी आणली. आता तुमी जरा पुढं सरकून बसला असाल. म्हणत असाल, आलं, पोराचं तरुणपण आलं, आता गजरा यील, चिठ्ठी यील, तिचा भाऊ काठी घिऊन यील. सरकला असाल तर परत मागं सरका. ती रेडिएटरची जाळी व्हती. जीपची.

आन् मामाच्या गावची गोष्ट म्हणून कुणी आंब्याची वाट बघत असंल तर ते बी सांगून ठेवतो. कडेगावच्या बाजूला आमच्या मामाच्या रानात आंब्याचं झाड नव्हतं. ऊस व्हता. इकडं ऊस, तिकडं ऊस, मधी गुऱ्हाळ, आन् गुऱ्हाळाच्या पल्याड कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी एक जीप.

मी आष्ट्याचा. तिथल्याच शाळेत मॅट्रिक झालो, एका दमात न्हाई, दोन दमात. नोकरी लागायची व्हती, ती लागत नव्हती, म्हणून घरच्यांनी मला मामाकडं धाडला, की इथं बसून नकला करण्यापरीस तिकडं कायतरी शीक. नकलांचा मला रोगच व्हता. हेडमास्तर, कंडक्टर, तलाठी, चक्की, सुताराचा रंधा, ज्याचा आवाज कानावर पडंल त्याचा आवाज माझ्या तोंडातनं निघायचा. इंजिनं तर लय भारी काढायचो. मागं उभा राहून पेट्रोलची गाडी काढली की माणूस रस्ता सोडायचा, आन् डिझेलची काढली की शिव्या द्यायचा.

धाकटा मामा सोळा वर्षं फौजेत गाडी चालवून आलता. तिकडनं येताना त्यानं ताठ कणा, अर्धी हिंदी आन् एक जुनी पेट्रोल जीप आणली. बाजारच्या दिवशी माणसं न्यायची, कुणाला बाळंतपणाला कराडला, कुणाला मिरजेच्या दवाखान्यात, असं त्याचं बरं चाललं व्हतं. मग पेट्रोल महागलं. तुमच्यातल्या जुन्या माणसांना ती सालं आठवत असतील. जीप पंपापतूर जायची आन् तिथंच सगळी कमाई पिऊन टाकायची. शेवटी ती खुराड्याशेजारी उभी राहिली, आन् कोंबड्यांनी तिच्या मागच्या शिटावर अंडी घालायला सुरवात केली.

थोरल्या मामाला हे पाहिजेच व्हतं. वाईट माणूस नव्हता तो. पर त्याला ऊस सोडून जगात दुसरं काय असतं हे पटतच नव्हतं. तो रोज जेवताना सांगायचा की जीप भंगारात घाल, खोरं घे, उद्यापासनं पाण्याची पाळी तुझी. धाकटा मामा भाकरी मोडत राहायचा. एक दिवस त्यानं मान वर केली आन् म्हणला, आपण तिला डिझेलचं इंजिन बसवायचं. कराडच्या रस्त्याला एक टेम्पो उलटलाय, त्याचं धड गेलं पर काळीज शाबूत हाय.

थोरला मामा हसला. त्याची सासुरवाडी साताऱ्याला, यवतेश्वराचा घाट चढून वर डोंगरात. तीन आठवड्यांनी तिथली जत्रा व्हती. त्यानं सगळ्या घरासमोर अट घातली, “जत्रंला सगळ्यास्नी घिऊन, ऐन दुपारचं, कुठंबी न थांबता घाट चढलास तर मी परत खोऱ्याचं नाव काढायचा न्हाई. उकळली तर मातूर जीप भंगारात आन् तू पाटाच्या कडंला.”

धाकट्या मामानं सलाम ठोकला. फौजेतला, खाडकन. मामीच्या हातातलं पातेलं पडायचं राहिलं.

इंजिन बसलं. कसं बसलं ते इचारू नका. एका साखळीवर, दोन बैलांच्या जोरावर आन् मामाच्या शिव्यांवर बसलं. पर डिझेलचं इंजिन पेट्रोलच्या इंजिनापरीस लांब. ते जीपच्या नाकापतूर पुढं आलं. म्हंजी पुढं इंजिनाचा पंखा, पंख्याच्या पुढं जीपची लोखंडी पट्ट्यांची जाफरी, आन् ह्या दोघांच्या मधी जी काय फट राहिली त्यात रेडिएटरची जाळी बसवायची. जुनी पेट्रोलची जाळी तशी बसली, पर ती दोन रांगांची, किरकोळ. पहिल्या फेरीला वढ्यापतूर गेलो आन् जीपनं तोंडातनं वाफ सोडली. तो आवाज मी तिथल्या तिथं शिकलो. आधी खदखद, मग गुळण्या केल्यागत, मग लांब शिट्टी. मामा म्हणला, हा आवाज परत काढलास तर तुलाच वढ्यात टाकीन.

तर नवी जाळी आणायची. नवी म्हंजी जुनीच, पर मोठी. कुपवाडात जाळ्यांची कामं करणारा एक म्हातारा मिस्त्री व्हता, त्याच्याकडं मोडक्या गाड्यांच्या जाळ्यांचा ढीग असायचा. मामा इंजिनाची पकड आवळण्यात गुंतलेला, म्हणून मला जायचं व्हतं. सांगली मला पाठ, आन् वर मॅट्रिक. एकच गोष्ट लागत व्हती. माप.

घरात टेप व्हता. पर तो थोरल्या मामाचा, रान मापायचा. त्याच्याकडनं टेप मागायचा म्हंजी अर्धी हार तिथंच. मग धाकट्या मामानं ते केलं जे आमच्याकडं सगळेच करत्यात. बांधावरनं एक सरळ ऊस तोडला. आमच्याकडं दाराच्या चौकटीपासनं बैलाच्या पाठीपतूर सगळ्याचं माप उसानं घेतलंय. त्यानं उंचीला एक तुकडा तोडला, रुंदीला एक. जाडीचं माप सगळ्यात नाजूक, पंखा आन् जाफरीच्या मधलं. तिथं कांड्याची लांबी केसाकेसानं छाटायची, आन् कडक सालीसकट ते जमंना. म्हणून मामानं बुडख्याकडचं कांडं घेतलं, इळ्यानं सोलून पांढरंफेक केलं, फटीत घालून बघितलं, जरा छाटलं, परत घातलं, परत छाटलं, आन् शेवटी ते असं बसलं की काढताना चुळूक असा आवाज आला. मी इचारलं किती बोटं हाय. मामा म्हणला, फौजेत तोंडी माप चालत न्हाई, हे कांडं दाखव, जाळी ह्याच्याहून जाड घ्यायची न्हाई. तिन्ही तुकडं पाचटानं बांधून माझ्या हातात दिलं.

आता ऊस कुणाला माहीत न्हाई असं कोण हाय. तरी सांगतो. बुडख्याकडचं कांडं सगळ्यात गोड.

विट्याला गाडी बदलायची व्हती आन् गाडी दोन तास उशिरा व्हती. स्टँडवर माझा शाळेतला एक दोस्त भेटला. त्याच्याबरोबर आणखी चौघं. त्यानं त्यांना सांगितलं, ह्यो हेडमास्तर काढतो. मला एवढं पुरतं. मी हेडमास्तर काढलं. मग लोकांनी कंडक्टर मागितला. मग गर्दी जमली, एका म्हातारीनं चक्की मागितली, तिला चक्की दिली. मग जीप उकळायचा नवा आवाज काढला, त्यावर एवढा हशा झाला की स्टँडवरचा चहावाला किटली घिऊन बघायला आला. तासभर चाललं. घसा कोरडा पडला. हातात काय व्हतं? मी बोलता बोलता दाताखाली धरलं. हेडमास्तर बोलताना छडी चावायचे, ते मी उसानं दाखवत व्हतो. लोक हसत व्हते आन् मी चावत व्हतो.

गाडी लागली, लोक पांगले, मी खाली बघितलं. पायाशी पांढरा चोथा. हातात उंची हाय, रुंदी हाय. जाडी पोटात.

मी तो चोथा उचलला. खरंच उचलला. तळहातावर जुळवून बघितला, की लांबी तरी कळंल. दोस्त म्हणला, हे काय करतोयस रं? मी म्हणलं, मामाची जीप गिळली. त्याला ती बी नक्कल वाटली, तो पोट धरून हसला आन् गेला. परत फिरायचं म्हणलं तर दुसऱ्या दिवसाआधी कडेगावची गाडी न्हाई, आन् परत जाऊन मामाला सांगायचं काय? एष्टी सुटली. तासगाव आलं, गेलं. जन्मात पहिल्यांदा मी एष्टीत दोन तास गप बसलो. कंडक्टरनं इचारलं, बरं न्हाई का?

कुपवाडचा मिस्त्री म्हंजी पिकलेल्या दाढीचा, बारीक डोळ्यांचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. पुढं पाण्याचं टाकं, त्यात एक जाळी बुडवून हवा भरून तो बुडबुडं बघत बसलेला. मी सांगितलं, पेट्रोलची जीप, डिझेलचं इंजिन, जागा कमी. त्यानं इचारलं, इंजिन आवाज कसा करतंय. मी काढून दाखवला. चाचाची मान हळूच वर झाली. म्हणला, परत काढ. परत काढला. म्हणला, “बेटा, तुझ्या मामाला सांग, दोन नंबरचा टॅपेट ढिला हाय.” पुढं कळलं, खरंच ढिला व्हता.

मग त्यानं चार जाळ्या ओढून काढल्या. ट्रकची, चार रांगांची, जाडजूड. ट्रॅक्टरची, उंच, ती बॉनेटच्या वर डोकं काढणार. एक दोन रांगांची, आमच्या जुन्या जाळीसारखीच. आन् एक तीन रांगांची, कुठल्यातरी जुन्या दवाखान्याच्या गाडीची, बाजूला पांढरा रंग अजून चिकटलेला. माझं बोट आपोआप ट्रकच्या जाळीकडं गेलं, की जाड म्हंजी गार. चाचानं माझं बोट बाजूला सारलं. म्हणला, जाड जाळी म्हंजी गार जाळी असं नसतं. पुढनं वारा गार शिरतो, पहिल्या नळ्यांची गरमी पितो, दुसऱ्यांची पितो, मागच्या रांगेपतूर पोचतो तवर त्याला सोताला ताप चढलेला. वाऱ्याला तोंड मोठं पाहिजे आन् वाट छोटी. त्याला मधे आडोसा पाहिजे, म्हंजी पंख्याच्या भवती पत्र्याचं कडं करायचं, तर पंखा जाळीतनंच वारा ओढंल, बाजूनं चोरणार न्हाई. तुमच्या इंजिनाला दोन रांगा कमी पडतील, चार लागत न्हाईत, तीन बरोबर. फक्त बसंल का? जाडीचं माप दे.

मी उंची दिली. रुंदी दिली. दोन्ही बरोबर बसली.

“आन् जाडी?”

मी खरं सांगितलं. चाचा एवढा हसला की त्याच्या हातातली जाळी टाक्यात पडली. त्यानं आतनं आपल्या पोराला बोलावलं आन् सांगितलं, हा बघ, ह्यानं फुटपट्टी खाल्ली. हसून झाल्यावर मातूर गंभीर झाला. म्हणला, दोन रांगांची घिऊन जा, ती बसंल तरी. मी म्हणलं, बसंल पर उकळंल, आन् उकळली की मामा खोऱ्याला गेला. तवा मला ती अक्कल सुचली. मी म्हणलं, चाचा, मी मामा काढतो.

त्याला कळंना. मी रस्त्याच्या कडंला गेलो, चपला काढल्या, कणा ताठ केला, मामासारखी हनुवटी आत घेतली. डाव्या हातात कांडं, उजव्या हातात इळा. मी मामा झालो. कांडं फटीत घातलं, काढलं, नाकाजवळ धरून एक डोळा मिटला, छाटलं. “साला, जरा और,” म्हणलं, परत घातलं, परत छाटलं. येणारे जाणारे थांबले. शेवटी चुळूक असा आवाज तोंडानं केला आन् कांडं दोन बोटांच्या मधी धरून तसाच पुतळ्यासारखा उभा राहिलो. चाचानं सुतळी आणून माझ्या बोटांमधलं अंतर मापलं. तीन रांगांच्या जाळीला लावलं. बरोबर बसलं, वर एक नखभर जागा राहिली.

मी ती जाळी खांद्यावर टाकली आन् सांगली स्टँडपतूर सगळी इंजिनं काढत आलो.

ह्याच्यात एक खोट व्हती, ती मला नंतर कळली. नकला करणारा माणूस कधी बरोबर मापाची नक्कल करत न्हाई. नाक थोडं लांब करतो, पोट थोडं पुढं काढतो, आवाज थोडा चढवतो. न्हाई तर लोक हसतील कशाला? माझ्या मामाचं कांडं खऱ्या कांड्यापरीस एका बोटानं मोठं झालं व्हतं.

घरी जाळी लावली. फटीत चार बोटं जागा, जाळी पाच बोटांची. पंखा फिरवला तर पाती जाळीला घासंल. मामा जीपच्या नाकासमोर उकिडवा बसला. जाळी बघितली, फट बघितली, जाळी बघितली. मग शांतपणी म्हणला, ते कांडं आण.

माझ्या तोंडातनं जे निघालं ते असं, की चाचानं ठेवून घेतलं, त्याला बी माप लागतं म्हणला.

मामानं मान हलवली. आन् मी मनात म्हणलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार व्हता. मामा बाजारातनं आला तो नाकावर चष्मा घालून. फळीवर ओळीनं मांडलेलं असत्यात तसले तयार चष्मे, त्यातला एक, काळ्या जाड काड्यांचा. मामीनं इचारलं, हे काय? तो म्हणला, कांडं फटीत तिरकं बसलं असणार, ते डोळ्याला दिसलं न्हाई, सोळा वर्षांत असं झालं न्हवतं, वय झालं. थोरला मामा जेवताना म्हणला, खोऱ्याला चष्मा लागत न्हाई. मी भाकरी खात व्हतो. ती लय मोठी झाली त्या दिवशी.

पर मामा हरणारा नव्हता. दिवसभर जीपसमोर बसून राहिला. मग उठला आन् करवत घिऊन जीपच्या नाकावरच्या लोखंडी पट्ट्या कापायला लागला. मी बघतच राहिलो. त्यानं मधल्या सगळ्या पट्ट्या कापल्या आन् जाळी त्या भगदाडातनं दीड बोट बाहेर काढून बसवली. जीपला खालचा ओठ फुटला. रुसलेल्या पोरीसारखी दिसायला लागली. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी पंख्याभवती कडं केलं, चाचानं सांगितल्यागत. त्या पत्र्यावरचं भुईमुगाच्या शेंगांचं चित्र तसंच राहिलं. रस्त्यानं जाणारी माणसं म्हणायची, काय गड्या, जीप का रुसली? मामा म्हणायचा, जत्रंला हसंल.

जत्रंचा दिवस आला. कराडवरनं सातारा गाठलं तवर इंजिनाच्या तापाचा काटा हलला नव्हता. दुपारी, डोक्यावर ऊन असताना, यवतेश्वराच्या घाटाला लागलो. पुढं थोरला मामा, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर घिऊन. उकळल्यावर लागंल म्हणून घरनं आणली व्हती, साठ मैल मांडीवर धरून. त्याचं धोतर गुडघ्यापतूर भिजलं व्हतं पर त्यानं ती खाली ठेवली न्हाई. मागं दोन मामी, पोरं, शिदोरीची टोपली आन् मी.

मामा चष्मा घालून काट्याकडं बघायचा, चष्मा कपाळावर ढकलून रस्त्याकडं बघायचा. खाली, वर. खाली, वर. पहिलं वळण, दुसरं वळण. काटा अर्ध्याच्या जरा वर. इंजिन टकटक करत, न कुरकुरता, चढत व्हतं. पोरं मोजायला लागली वळणं. थोरल्या मामाचं तोंड घागरीसारखं गोल व्हायला लागलं.

आन् मधल्या एका वळणावर मेंढरं. सगळा रस्ता भरून, दोनशे तरी असतील. धनगर पार मागं, एका झाडाखाली तंबाखू मळतोय. मामानं वेग कमी केला. वेग कमी म्हंजी वारा कमी. काटा वर सरकला. थोरला मामा हळूच म्हणला, “थांब आता, थांब. घागर हाय.” मामानं दात आवळलं. हॉर्न वाजवला तर मेंढरं आणखीनच घोळका करून जीपच्या त्या ओठाला हुंगायला लागली.

मी मागनं अर्धा बाहेर वाकलो. आमच्या आष्ट्याच्या रस्त्यानं मेंढरं जायची तवा धनगर कसा साद घालतो ते मला ठाऊक व्हतं. जिभंनं टाळूवर दोन टिचक्या, मग गळ्यातनं हुर्रर्रर, शेवटाला उचलून. मी ती घातली. पुढची मेंढी थबकली. परत घातली. तिनं मान वळवली आन् डोंगराच्या कडंला चालू लागली, आन् तिच्या मागं सगळी रांग. झाडाखालचा धनगर उठून उभा राहिला आन् वराडला, “आवं, माझी मेंढरं कोण नेतंय?” जीप त्याच्यासमोरनं गेली तवा मी त्याला हात केला. त्यानं बी केला, पर कुणाला केला ते त्याला समजलं नव्हतं.

वाट मोकळी झाली. वारा लागला. मामानं चष्मा खाली घेतला, काट्याकडं बघितलं, चष्मा वर केला. खांदं खाली आलं. त्यानं गिअर टाकला आन् जीप अशी चढली की पोरांनी वरडायला सुरवात केली. माथ्यावर आलो. खाली सगळं सातारा, पलीकडं अजिंक्यतारा, आन् जीपच्या नळ्यातनं एक थेंब वाफ न्हाई.

मामानं गाडी थांबवली, उतरला, बॉनेटवर हात ठेवला. थोरला मामा घागर घिऊन उतरला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं घागरीला तोंड लावलं, घटाघट प्याला, उरलेलं धाकट्या भावासमोर धरलं. म्हणला, “एवढं पाणी उगा हिंडवलं. उसाला घातलं असतं.” मग जरा थांबून म्हणला, “पाण्याच्या पाळीचं मी बघतो.” धाकट्या मामानं घागर घेतली आन् प्याला. दोघांच्या बी मिश्यांतनं पाणी गळत व्हतं.

आता इथं मी गप बसलो असतो तर ही गोष्ट चांगली संपली असती.

पर सासुरवाडीत जेवणं झाली. गव्हाची खीर व्हती, मी तीन वाट्या खाल्ली. घरभर पाहुणं. थोरल्या मामीनं अभिमानानं सांगितलं, आमचा ह्यो भाचा नकला करतो. मग काय. पाहुण्यांनी गोल केला. मी घाटाची नक्कल केली. थोरल्या मामाची मांडी आन् घागर केली, तो सोता हसला. चष्मा वर, चष्मा खाली केला, धाकटा मामा बी हसला. धनगर केला. हशा चढत गेला आन् हशाबरोबर मी चढत गेलो. आता आणखी काय? लोक म्हणत व्हते, आणखी कर. मी विट्याचा स्टँड केला. हेडमास्तर केलं. कांडं चावलं. चोथा तळहातावर जुळवला. मग कुपवाडच्या रस्त्याला मामा झालो, चुळूक केलं, चाचाची सुतळी केली. लोक लोळायला लागले.

सगळे लोळत व्हते, एकटा सोडून. मामानं चष्मा काढला, काड्या मिटल्या आन् खिशात ठेवला. मग माझा हात धरला आन् मला बाहेर जीपपाशी घिऊन आला. मागनं धाकटी मामी बी आली.

“कांडं खाल्लंस, त्याचं काय न्हाई,” मामा म्हणला. “ऊस हाय, माणूस खाणारच. पंधरा दिस मी माझ्या डोळ्यांना शिव्या घातल्या, त्याचं काय? तुझ्या मामीला म्हणलं, ह्या डोळ्यांनी लोकांच्या पोरीबाळी घाटातनं न्यायच्या का न्हाई, का सोडूनच देऊ. सोडणार व्हतो मी. इचार तिला. आन् तू शेजारी बसून भाकरी खात व्हतास. हेडमास्तर बोलला तुझ्या तोंडातनं, धनगर बोलला, माझं इंजिन बोललं, माझा मी बी बोललो. बेवकूफ, तू कवा बोलणार व्हतास?”

मी म्हणलं, मामा, चुकलं.

“हे कुणाचं काढलंस?”

मी म्हणलं, माझंच हाय.

“मग आता तेवढंच ठेव.” त्यानं बॉनेट उघडलं, उगाच आत बघितलं, परत आपटलं. मामी म्हणली, आन् वर तीन वाट्या खीर खाल्लीस रं, लाज कशी न्हाई वाटली. मामा म्हणला, “उतरताना म्हागं बसायचं, शिदोरीच्या टोपलीवर. साताऱ्यापतूर तोंडातनं एक आवाज निघाला, मेंढराचा असो न्हाईतर माणसाचा, तर तिथंच उतरवीन आन् कडेगावापतूर चालत येशील. आन् घरी गेल्यावर पहिलं काम, कुपवाडला जायचं आन् त्या चाचाला सांगायचं की त्याच्या नावावर खोटं बोललास. चल. पाणी बघ गाडीतलं.”